थांबायला वेळच नसलेलं हाड

उत्तर इराकमधल्या झाग्रोस डोंगररांगेत शनिदार नावाची एक गुहा आहे. १९५०च्या दशकात अमेरिकी पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी यांनी तिथे खोदकाम सुरू केलं आणि निअँडरथल माणसांचे एकामागून एक सांगाडे हाती लागले. त्यातला तिसरा सांगाडा चाळिशी-पन्नाशीतल्या एका पुरुषाचा. त्याच्या डाव्या बाजूच्या नवव्या बरगडीवर एक अरुंद, सरळ खाच आहे, काहीतरी धारदार आत घुसल्याची. भाला हातात धरून खुपसला की लांबून फेकला, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. २००९ साली काही संशोधकांनी तर दगडी पात्यांच्या प्रतिकृती करून त्या धनुष्ययंत्रातून मेलेल्या डुकरांवर मारून पाहिल्या. एका गोष्टीवर मात्र वाद नाही. त्या खाचेच्या कडांवर नवं हाड धरू लागलं होतं. म्हणजे हा माणूस वार बसल्यावर लगेच मेला नाही, पुढे काही आठवडे तरी जगला. खोकला आला की त्यानंही कूस दाबून धरली असेल, रात्री त्या अंगावर वळताना तोही दचकून जागा झाला असेल. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीचं ते दुखणं आपल्याला कळतं, कारण त्याच्या बरगडीनं दुरुस्तीला हात घातला होता.

आपल्याकडे भाल्याची गरज नाही. पावसात स्कूटर घसरते, न्हाणीघरात पाय सटकतो, बसच्या दांड्यावर कूस आपटते. डॉक्टर तपासून म्हणतात, "फासळीला क्रॅक आहे. प्लास्टर नाही, काही नाही. गोळ्या घ्या, सहा आठवड्यांत जुळेल." हाड मोडलंय आणि नुसतं घरी जा म्हणतात, याचंच माणसाला नवल वाटतं. घरचे हळदीचं दूध देतात, शेजारचं कोणी कांडवेलीचा रस सुचवतं. मग सहा आठवडे होतात, आठही होतात. तरी कूस बदलताना चमक निघते, शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, कधी एखाद्या जागी टक् असं वाजतं, कधी छातीवर मुंग्या येतात. आणि शंका घर करते: हाड जुळलंच नाही का? की आत भलतंच काही झालंय?

या शंकेचा पाठपुरावा केला, तर शरीरातल्या एका थक्क करणाऱ्या कामापाशी आपण जाऊन पोचतो.

नऊ लाख श्वास

हात मोडला तर त्याला गळ्यात अडकवता येतं, पाय मोडला तर माणसाला पलंगावर. बरगडीला सुट्टी नाही. आपण मिनिटाला साधारण १५ श्वास घेतो, म्हणजे दिवसाचे २१,६००. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत अहोरात्रीच्या श्वासांची हीच संख्या दिलेली आहे. सहा आठवड्यांचा हिशेब नऊ लाखांच्या वर जातो. मोडलेली बरगडी तितक्या वेळा हलते आणि हलता हलता जुळते. न जुळलेली बरगडी डॉक्टरांनाही क्वचितच पाहायला मिळते.

ती हलते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. बरगड्यांच्या बारा जोड्या. मागच्या बाजूला प्रत्येक बरगडी पाठीच्या मणक्यांना लहानलहान सांध्यांनी जोडलेली. पुढे वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेनं छातीच्या मधल्या हाडाला मिळतात, पुढच्या तीन आपल्या वरच्या जोडीच्या कूर्चेला चिकटतात आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच राहतात. श्वास आत घेतला की वरच्या बरगड्या छातीचं हाड पुढे उचलतात आणि खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाहेरून वर येतात. शरीररचनेच्या पुस्तकांत या हालचालीचं नावच ते आहे. कडी उचलताना तिची टोकं जागेवर राहतात आणि मधला भाग सगळ्यात जास्त फिरतो. म्हणून काखेखालच्या बाजूला भेग पडली तर साधा श्वाससुद्धा जाणवतो. आणि जिथे टोकं अडकवलेली असतात त्या पाठीच्या सांध्यांवरही ताण येतो, हे बऱ्याच जणांना पुढे कळतं, जेव्हा मोडलेली जागा एकीकडे आणि दुखणं पाठीत असं होतं.

डुकराची लाल हाडं

हाड जुळतं म्हणजे नेमकं काय होतं, याचा पहिला धागा जेवणाच्या ताटात सापडला. लंडनचा शल्यवैद्य जॉन बेल्शियर हा सुती कापडावर छपाई करणाऱ्या एका माणसाकडे जेवायला गेला होता. ताटात आलेल्या डुकराच्या मांसातली हाडं लाल होती. चौकशी केल्यावर कळलं, की रंगकामात उरलेला कोंडा त्या डुकरांना घालत. कोंड्यात ज्या मुळांचा रंग मुरलेला होता, ती आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातल्या युरोपीय वनस्पतीची. बेल्शियरनं हे १७३६ मध्ये प्रसिद्ध केलं. हा रंग नव्यानं तयार होणाऱ्या हाडात जाऊन बसतो, हे पुढे लक्षात आलं. फ्रान्समध्ये दुहामेल द्यू मॉन्सो यांनी प्राण्यांना हा रंग मध्येच देऊन, मध्येच बंद करून पाहिलं, तेव्हा हाडांत लाल आणि पांढरे थर एकाआड एक उमटले. त्यांनी वाढत्या हाडाभोवती चांदीची तार गुंडाळली आणि काही काळानं पाहिलं, तर तार हाडाखाली गेलेली! हाड बाहेरून वाढत होतं, आपल्या अंगावरच्या पातळ आवरणाच्या आतून.

हे आवरण म्हणजे बरगडीची खरी पुंजी. शल्यवैद्यांना कधी दुसरीकडे बसवण्यासाठी बरगडीचा तुकडा काढावा लागतो. तेव्हा त्यांनी हे आवरण जपून मागे ठेवलं, तर रिकाम्या जागेत पुन्हा हाड धरू शकतं. बरगडी मोडली की दुखतं तेही मुख्यतः यामुळेच, कारण ते मज्जातंतूंनी भरलेलं असतं.

मोडल्यावर पहिल्या काही तासांत भेगेत रक्त साकळतं. त्या गुठळीत दाहाच्या पेशी येतात, मेलेला चुरा साफ करतात आणि नव्या पेशींना बोलावणं धाडतात. दोन-तीन आठवड्यांत तिथे तंतू आणि कूर्चा यांची मऊ गाठ तयार होते. पुढच्या आठवड्यांत तिच्यात कॅल्शियम भरत जातं आणि गाठ टणक होते. डॉक्टर सांगतात ते सहा आठवडे म्हणजे ही गाठ रोजच्या कामापुरती पक्की होण्याची मुदत. काहींना बारा आठवडेही लागतात. धूम्रपान करणाऱ्यांचं आणि मधुमेह आटोक्यात नसलेल्यांचं हाड आणखी सावकाश भरतं.

इथे श्वासांचा हिशेब उपयोगी पडतो. मोडलेलं हाड प्लेट आणि स्क्रूंनी इतकं घट्ट बांधलं की ते तसूभरही हलत नाही, तर ते जवळजवळ गाठ न धरताच जुळतं. थोडी हालचाल राहिली, तरच शरीर ही गाठ बांधतं. म्हणजे दोन महिन्यांनी बरगडीवर बोटाला जो उंचवटा लागतो आणि ज्याची भीती वाटते, तो बहुतेकदा श्वास चालू असतानाच झालेल्या दुरुस्तीची खूण असतो. एक्स-रेची गंमतही यातूनच येते. पहिल्या दिवशीच्या साध्या एक्स-रेमध्ये बरगड्यांच्या निम्म्यापर्यंत भेगा दिसतच नाहीत. काही आठवड्यांनी त्याच जागी पांढरी गाठ ठळक उमटते आणि "आधी नव्हतं, आता फ्रॅक्चर आलं" असा घोळ होतो. फ्रॅक्चर पहिल्यापासूनच होतं, ते भरू लागल्यावर दिसलं.

त्यानंतर महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं, दोन प्रकारच्या पेशी या गाठीवर काम करतात. एक प्रकार जास्तीचं हाड विरघळवतो, दुसरा गरज असेल तिथे नवं घालतो. कुठे ताण येतो त्यावर हाडाचा आकार ठरतो, हे जर्मन शल्यवैद्य युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. कातडी कापली तर तिथे वण राहतो, कारण भरून येणारी ऊती मूळच्या कातडीसारखी नसते. हाडाच्या जागी मात्र हाडच येतं.

दर पाच मिनिटांनी एक उसासा

पूर्वी बरगडी मोडली की छातीला पट्ट्या आवळत. आजही औषधाच्या दुकानात छातीचे पट्टे मिळतात आणि हाडवैद्य घट्ट बांधून देतात. बरं वाटतं, कारण हालचाल कमी होते. डॉक्टर मात्र नको म्हणतात, आणि त्याचं कारण बरगडीच्या आत आहे.

आपल्या फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश आहेत. ते इतके नाजूक, की शांत श्वासात त्यांतले काही सतत मिटत असतात. त्यांना पुन्हा उघडायला एक मोठा श्वास लागतो. तो आपण घेतोही, नकळत, साधारण दर पाच मिनिटांनी. उसासा हा मनाच्या खिन्नतेचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचं रोजचं काम फुप्फुसं उघडी ठेवण्याचं आहे. मेंदूच्या बुंध्यातल्या कोणत्या पेशी हा उसासा सोडवतात, हे अमेरिकेतल्या जॅक फेल्डमन आणि मार्क क्रॅस्नो यांच्या संशोधकगटांनी २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं.

बरगडी मोडलेला माणूस निवांत बसलेला असताना अचानक कळ येते, काहीच केलेलं नसताना. बऱ्याचदा तो असा नकळत आलेला उसासा असतो. मग माणूस आखडतो, वरवर श्वास घेऊ लागतो, खोकला गिळतो. मिटलेले वायुकोश मिटलेलेच राहतात, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. बरगडीच्या भेगेहून हा धोका मोठा असतो. वयस्क माणसांत तर फारच. अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी २००० साली आपल्या ज्येष्ठ रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे न्यूमोनियाची शक्यता २७ टक्क्यांनी आणि मृत्यूची १९ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

म्हणून वेदनाशामक गोळी ही इथे चैन नसते. ती श्वास पुरता घेता यावा म्हणून असते. म्हणून खोकताना उशी छातीशी धरायची, पाठीला टेकण देऊन अर्धवट बसून झोपायचं, आणि हॉस्पिटलातून दिलेलं ते तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र दिवसातून अनेकदा वापरायचं. अनेक जण त्यात फुंकतात. त्यात फुंकायचं नाही, हवा आत ओढायची, चेंडू वर उचलून धरायचे.

प्रत्येकाची मुदत वेगळी

आता मूळ शंकेकडे. सहा आठवडे उलटले, हाड जुळलं म्हणतात, मग दुखतं का? कारण मोडताना एकटी बरगडी दुखावलेली नसते आणि "सहा आठवडे" ही मुदत फक्त हाडाची आहे.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खोबण असते. तिच्यातून शीर, धमनी आणि मज्जातंतू एकत्र जातात. छातीतलं पाणी काढताना डॉक्टर सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात, ती या तिघांना चुकवण्यासाठीच. भेग पडताना हा मज्जातंतू चेपला वा ताणला गेला, तर पाठीपासून पुढेपर्यंत पट्टा ओढल्यासारखी जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा येतो. आतले तंतू तुटले असतील, तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं पुन्हा वाढतात. काखेखालून छातीच्या पुढच्या भागापर्यंत १५ सेंटिमीटर धरले, तर झाले पाच महिने. हाड भरून झालेलं असतं आणि मज्जातंतूची वाट अर्धीही सरलेली नसते.

कूर्चेची गोष्ट आणखी संथ. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे ती सावकाश सावरते, आणि साध्या एक्स-रेत तिची भेग दिसत नाही. पुढच्या बाजूला, छातीच्या हाडाजवळ बोट ठेवल्यावर दुखत राहतं ते बहुधा हिचं. खालच्या बरगड्यांचं कूर्चेचं बांधकाम सैल झालं असेल, तर एक बरगडी दुसरीखाली सरकते आणि टक् वाजतं. सरकणाऱ्या बरगडीचं हे वर्णन एडगर सिरिअ‍ॅक्स यांनी १९१९ मध्येच केलेलं आहे.

स्नायूंना आठवडेच्या आठवडे आखडून राहायची सवय लागलेली असते. पाठीतले ते लहान सांधे ताठरलेले असतात. शिंक शेवटपर्यंत छळते, कारण एवढ्या अचानक आणि एवढ्या जोरानं छातीला आवळणारं दुसरं काही रोजच्या जगण्यात नाही.

आणि या सगळ्यांवर पाठीचा कणा आणि मेंदू. आठवडेच्या आठवडे धोक्याचे इशारे ऐकल्यावर तिथल्या पेशी हळव्या होतात आणि साध्या स्पर्शालाही दुखण्याच्या खात्यात टाकू लागतात. यात ढोंग नाही, मनाचे खेळही नाहीत. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा ऊतींना इजा झाल्याची वेदना आणि तशी इजा झाल्यासारखी वेदना अशा दोन्हींना तिनं वेदनाच म्हटलं. उलट बाजूनं, दुखऱ्या जागी तळवा दाबला की लगेच बरं का वाटतं, याचंही उत्तर इथेच आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं, की स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश कण्यातच वेदनेच्या संदेशांना अडवू शकतात. खोकताना छातीशी धरलेली उशी हेच करत असते.

वाट पाहू नये असं काही

मुदती वेगळ्या असल्या तरी दिशा एकच हवी: आठवड्यागणिक थोडं कमी. दोन दिवस बरे, एक वाईट, हे चालतं. जास्त वजन उचललं किंवा सर्दी झाली की मागे गेल्यासारखं वाटतं, तेही चालतं. पण उतरत चाललेलं दुखणं अचानक चढू लागलं, धाप लागली, ताप आला, थुंकीत रक्त किंवा घाण रंगाचा कफ दिसला, पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. छातीत दडपल्यासारखं होऊन कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम सुटत असेल, तर ते बरगडीच्या खात्यावर ढकलून घरी बसायचं नाही. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदयाचं नाही, हा निकाल आपला आपण द्यायचा नसतो.

एक इशारा तर इतका विचित्र आहे, की माहीत नसेल तर कोणी लक्षही देणार नाही. डावीकडच्या नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड प्लीहा असते. तिला इजा झाली, तर कधी काही दिवसांनीही रक्तस्राव सुरू होऊ शकतो आणि दुखतं मात्र डाव्या खांद्याच्या टोकाला. गर्भात श्वासपटल मानेच्या पातळीवर घडू लागतं आणि मग खाली उतरतं. येताना आपला मज्जातंतू मानेतूनच ओढून आणतं. खांद्याच्या कातडीचे तंतूही मानेच्या त्याच पातळीवर कण्यात शिरतात. पोटातलं रक्त श्वासपटलाला लागलं, की मेंदूला ते खांद्यातून आल्यासारखं वाटतं. बरगडीला मार लागलेल्या माणसाचा खांदा विनाकारण दुखू लागला, सोबत पोट दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर ती आणीबाणी आहे.

घाई नसलेले पण विचारण्यासारखे प्रश्नही आहेत. तीन-चार महिन्यांनंतरही मोडलेल्या जागीच दुखत आणि वाजत असेल, तर हाड खरंच जुळलं का, हे सीटी स्कॅनमध्ये पाहता येतं. नुसत्या खोकल्यानं, वाकल्यानं किंवा किरकोळ धक्क्यानं बरगडी मोडली असेल, तर हाडं ठिसूळ झाली आहेत का, ड जीवनसत्त्व कमी आहे का, की आणखी काही, हे तपासायला हवं. तिथे बरगडी भरून आली म्हणून प्रश्न संपत नाही.

राहता राहिली "पहिल्यासारखी होईल का" ही काळजी. गंमत अशी, की बरगडी कधीच "पहिल्यासारखी" राहिलेली नसते. प्रौढ माणसाच्या सांगाड्यातलं साधारण दहा टक्के हाड दर वर्षी विरघळवलं जातं आणि नव्यानं घातलं जातं, कुठेही काहीही मोडलेलं नसताना. मोडलेल्या जागीही पुढची वर्षं त्याच पेशी काम करणार आहेत. त्यांना आपली देखरेख लागत नाही. आपण एवढंच करावं: डॉक्टरांकडे जाताना "अजून दुखतंय" असं मोघम न सांगता तीन गोष्टी लिहून न्याव्यात. नेमकं कुठे, कोणत्या हालचालीला, आणि मागच्या आठवड्यापेक्षा कमी की जास्त. हाड, कूर्चा, मज्जातंतू की स्नायू, यांपैकी कोणाची मुदत अजून संपायची आहे, हे ओळखायला डॉक्टरांनाही तिथूनच सुरुवात करावी लागते.